घरचा खेळाडू म्हणजे कुणाच्या घरचा?



जयंतीच्या वर्गणीची बैठक आमच्या वस्तीत कशी होते हे यवतमाळ जिल्ह्यातल्या कुणालाही सांगायला नको. मंडप, रोषणाई, रॅली, भोजनदान आणि डीजे. डीजेवर अर्धा तास, वक्त्याच्या मानधनावर पाच मिनिटं. यंदाच्या बैठकीत शेवटच्या रांगेतून नववीतला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "दादा, दोन बॉल अन् एक जाळी पायजे. अन् मैदानातली गिट्टी उचलाले लावा, पाय सोलते."

सगळे हसले. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "बाबासाहेबांनी शिका म्हटलं बेटा, खेळा नाही म्हटलं." टाळ्या पडल्या. पोरगा बसला. हसणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. घरी आल्यावर मात्र ते हसू घशात अडकलं. डीजेचा आकडा आम्ही न विचारता मंजूर केला होता आणि दोन बॉलसाठी बाबासाहेबांना साक्षीला उभं केलं होतं.

म्हणून हा लेख. विषय फुटबॉलचा आहे, पण फक्त फुटबॉलचा नाही.

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेश आहे. तिथल्या लोकांची भाषा स्पॅनिशपेक्षा पूर्ण वेगळी आहे आणि फ्रँकोच्या हुकूमशाहीत ती दडपली गेली. त्या प्रदेशातल्या बिलबाओ शहरात 1898 साली अॅथलेटिक नावाचा क्लब निघाला. गेली शंभराहून अधिक वर्षं हा क्लब एक हट्ट पाळतोय: खेळाडू आपल्याच मातीतला घ्यायचा. रियल माद्रिद आणि बार्सिलोना जगभरातून पैशाच्या जोरावर माणसं विकत आणतात. हे मात्र तीसेक लाख वस्तीच्या मुलखातून अकरा पोरं उभी करतात. स्पेनची लीग 1929 साली सुरू झाली. तेव्हापासून वरच्या श्रेणीतून एकदाही खाली न घसरलेले क्लब तीनच आहेत: माद्रिद, बार्सिलोना आणि हा. 2024 च्या एप्रिलमध्ये यांनी कोपा डेल रे हा चषक चाळीस वर्षांनी जिंकला.

जमतं कसं? जादूटोणा काही नाही. 1971 पासून लेझामा गावात त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. गावोगावच्या लहान क्लबांशी त्यांचे करार आहेत. दहा-अकरा वर्षांचं पोर तिथं येतं आणि एकेक वयोगट चढत जातं. मोठ्या संघाच्या खाली दुसरा संघ, त्याच्याही खाली तिसरा. हे खालचे संघ मोठ्यांच्या लीगमध्ये खेळतात, मार खातात, शिकतात. दहा वर्षांनी शंभरातले दोन-चार वर पोचतात. एखाद्याला दुसऱ्यानं नेलंच तर क्लब किंमत वाजवून घेतो. 2018 मध्ये केपा हा गोलरक्षक चेल्सीनं 8 कोटी युरो मोजून नेला. क्लबनं त्याच्या जागी बाहेरचा आणला नाही. लेझामातूनच आलेल्या उनाई सिमोनला उभं केलं. तो पुढं स्पेनचा गोलरक्षक झाला.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, वा, काय निष्ठा! पण आंबेडकरी माणसानं 'आपल्याच मातीतला' हे शब्द ऐकले की त्याचे कान टवकारले पाहिजेत. माती, रक्त, वंश, 'आपला-परका' ही भाषा आपल्याला फार जवळून माहीत आहे. मग या क्लबात 'आपला' कोण?

सुरुवातीला 'आपला' म्हणजे बिस्काय या एका प्रांतातला. पुढं सगळ्या बास्क प्रदेशातला. नंतर नियम आणखी सैल झाला: जन्म कुठलाही असो, बास्क प्रदेशातल्या मैदानावर घडला असेल तर तो आपला. हे आपोआप झालं नाही. 2011 पर्यंत या क्लबाकडून एकही कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला नव्हता. त्या वर्षी जोनास रामाल्यो उतरला, त्याचे वडील अंगोलाचे. मग इन्याकी विल्यम्स आला. त्याचे आईवडील घानाचे. सहारा वाळवंट तुडवत, मेलियाचं कुंपण चढून ते स्पेनमध्ये शिरले होते. इन्याकी 1994 मध्ये बिलबाओत जन्मला, धाकटा निको 2002 मध्ये पाम्प्लोनात. 2015 मध्ये क्लबसाठी गोल करणारा इन्याकी हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. 2020 मध्ये दुसऱ्या शहरातल्या एका सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्याकडे बघून माकडांचे आवाज काढले. 2024 च्या युरो करंडकाच्या अंतिम सामन्यात निकोनं स्पेनकडून इंग्लंडवर गोल केला. आज बास्क पोरं या दोघांच्या नावाचे शर्ट घालून फिरतात.

घराची व्याख्या रुंद करायला त्या क्लबाला शंभर वर्षं लागली. पण केली. माझा मुद्दा इथून सुरू होतो.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात घरच्या खेळाडूची परंपरा शोधायची तर कोल्हापूरला जावं लागतं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं तिथल्या शेंबड्या पोराला पाठ असतात. कुस्तीच्या तालमी आणि पेठांची मंडळं फुटबॉलचे संघ झाली. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली, आणि शाहू स्टेडियमवर पेठेविरुद्ध पेठ सामना असला की शहर लोटतं. भाऊ खेळतो, काका खेळलेला असतो, आजोबा पायरीवर बसून शिव्या घालतात. क्रिकेटनं सगळा देश गिळला तरी या एका शहरानं फुटबॉल जिवंत ठेवला. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. शाहू महाराजांच्या शहराबद्दल आपण वाकडं बोलायचं कारणही नाही. ज्या राजानं 1902 मध्ये पन्नास टक्के जागा मागासांसाठी राखल्या, त्याचं ते शहर आहे.

तरीही एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो कोल्हापूरला एकट्याला नाही, आपल्या प्रत्येक गावाला आहे. तालीम पेठेची असते. पेठ कशी वसली? आपल्याकडे गल्ली, आळी, पेठ, वाडा ही नावं पत्त्याची वाटतात, पण गाव वसलं तेव्हा ती जातीची होती. 'आमच्या गल्लीतला पोरगा' म्हणताना बिलबाओतला माणूस फार तर भूगोल सांगत असेल. आपण तेच म्हणतो तेव्हा त्याखाली वंशावळ असते. शिवाय घरचेच खेळवण्याचा हट्टही आता पातळ झालाय. तालमींच्या संघांत आफ्रिकेतून आलेले खेळाडूही दिसतात. बाहेरून खेळाडू आला म्हणून माझी तक्रार नाही. तयार माणूस आणता येतो म्हटल्यावर दहा वर्षांच्या पोराकडे कोण बघणार, ही तक्रार आहे. 2017 मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला. त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा. इतकी परंपरा असलेल्या शहरातून त्याला घडायला पुण्यालाच जावं लागलं, आधी सरकारी क्रीडा प्रबोधिनीत आणि मग एका क्लबच्या अकादमीत.

आपल्या यवतमाळचंही तेच. आकाश चिकटे हा भारतीय हॉकी संघाचा गोलरक्षक होता. 2016 मध्ये मलेशियात आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवलं तेव्हा भारताच्या गोलमध्ये हा यवतमाळचा पोरगा उभा होता. आपल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? आणि तोही घडला पुण्याच्या प्रबोधिनीत. जिल्हा जन्म देतो, घडवण्याचं काम दुसरीकडे. कापसाचंही असंच आहे म्हणा. बोंड आमचं, गिरणी भलत्याची.

दुसऱ्याच्या मैदानावर घडलेल्या माणसाचं काय होतं, याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे. पळवणकर बाळू, चर्मकार घरातला मुलगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायचा. सरावासाठी साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकायची, पण बॅट हातात मिळायची नाही. बॅटिंग हा साहेबांचा अधिकार. पुढं हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचं होतं म्हणून त्याला घेतलं. मैदानात तोच चेंडू सगळे हातात घेत आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्याला कधीच दिलं नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कर्णधार झाला, तोही भावांनी संघाबाहेर बसण्यापर्यंत भांडण नेल्यानंतर.

तरुण बाबासाहेबांना बाळूचा अभिमान होता. आणि 1937 च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसनं उभा केलेला उमेदवार होता हाच पळवणकर बाळू. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनीच निवडून आले.

इथं बाळूला गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आपल्या चळवळीत तो शब्द पाण्यासारखा वापरला जातो. मी म्हणणार नाही. ज्या माणसाला आयुष्यभर चेंडू दुसऱ्यांनी दिला, संघ दुसऱ्यांनी दिला, टाळ्या दुसऱ्यांनी दिल्या, त्यानं तिकीटही त्यांच्याकडूनच घेतलं. आपला क्लब होताच कुठं? आजही आपल्या वस्तीतला चुणचुणीत पोरगा कोण्या आमदाराच्या चषकात कोण्या भाऊच्या नावाचा टी-शर्ट घालून खेळतो. निवडणुकीत त्याच भाऊच्या गाडीवर झेंडा लावून फिरतो आणि आपण त्याला शिव्या घालतो. त्या पोराला पहिला बॉल कुणी दिला, हे आधी विचारा.

आता जुन्या कार्यकर्त्यांच्या त्या वाक्याकडे येतो: शिका म्हटलं, खेळा नाही म्हटलं. बाबासाहेबांनी शिका म्हटलं आणि पुढं काय केलं? फक्त दुसऱ्यांच्या कॉलेजात आपल्याला जागा द्या एवढंच मागितलं का? 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज, 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. निजामाच्या राज्यात पिचलेल्या मराठवाड्यातली, पहिल्या पिढीची शिकणारी, अंगावर धड कपडा नसलेली पोरं तिथं आली. वसतिगृहात राहिली. गंगाधर पानतावणे तिथं प्राध्यापक झाले आणि त्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. दलित साहित्याची एक अख्खी फळी त्या आवारातून उभी राहिली. मिलिंद हे आपलं लेझामा होतं. बाबासाहेबांनी जे पेरलं त्याचं पीक ते गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनी आलं. एवढा धीर आज आपल्यात आहे का, सांगा.

आणि त्या मिलिंदचे प्राचार्य कोण होते? म. भि. चिटणीस. जन्मानं आपल्यातले नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना नेमलं आणि आपल्या पोरांना नाटकाचं वेड त्यांनी लावलं. विद्यार्थ्यांतही सगळ्या जातींची मुलं होती. म्हणजे संस्था आपली, सूत्रं आपल्या हाती, दार मात्र सगळ्यांना उघडं. बिलबाओनं शंभर वर्षांत जे शिकलं ते बाबासाहेबांनी पहिल्याच दिवशी केलं होतं.

फुटबॉलमध्ये याच्या जवळ जाणारं काम यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर, नागपुरात झालं. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसेंनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. पुढं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोरं गेली. 2016 मध्ये फिफानं स्लम सॉकरला डायव्हर्सिटी पुरस्कार दिला. नागराज मंजुळेंचा 'झुंड' 2022 मध्ये आला तेव्हा आपण सगळ्यांनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो पाहून थिएटरात शिट्ट्या वाजवल्या. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळी वाटते. अखिलेश पॉल हा गुन्हेगारीच्या वाटेवर गेलेला पोरगा भारताचा कर्णधार म्हणून 2010 मध्ये ब्राझीलला गेला आणि परत येऊन प्रशिक्षक झाला. जो शिकला तोच शिकवायला परत आला. घरचा खेळाडू तयार झाला की घरचा प्रशिक्षक तयार होतो, आणि तिथून पुढं देणगीदारावरचं अवलंबन कमी व्हायला लागतं. 'झुंड' पाहून आपण रडलो, पण जिल्ह्यात दुसरा संघ काढला नाही. रडणं स्वस्त पडतं.

एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो खरा आहे: खेळानं जात जात नाही. 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर काही लोक नाचले आणि जातीवरून शिव्या दिल्या. देशासाठी ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी मुलगी. तेव्हा फुटबॉलनं क्रांती होईल असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की संध्याकाळी पाच ते सात आपलं पोरगं कुठं आहे, यावर चळवळीचा हक्क असला पाहिजे. आज त्या दोन तासांवर मोबाईल, खर्रा आणि कोणता तरी 'भाऊ' यांचा हक्क आहे. 1927 मध्ये समता सैनिक दल निघालं तेव्हा बाबासाहेबांच्या माणसांना कवायतीचं महत्त्व कळत होतं. आपण फक्त गणवेश शिल्लक ठेवला.

मग यवतमाळात काय करायचं? अडचणी खऱ्या आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान बुटाला चिकटून वर येतं. शालेय स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे असतात आणि तेव्हाच वेचणी सुरू होते. उमरखेड-महागावकडचा मजूर असो की झरी-मारेगावकडचा कोलाम, पोरगं शेतात जातंच. 2017 मध्ये सरकारनं विश्वचषकाच्या निमित्तानं शाळाशाळांत फुटबॉल वाटले. मी पाहिलेल्या एका शाळेत तो पुढं कितीतरी दिवस कपाटात होता, हवा न भरलेला, नोंदवहीत मात्र व्यवस्थित.

तरी सुरुवात करता येते. अकरा जणांचं मैदान नको, पाच-पाच जणांचा खेळ विहाराच्या मागच्या जागेत होतो. आठ ते बारा वर्षांच्या पोरांना चार नंबरचा बॉल लागतो, मोठ्यांचा पाच नंबरचा दिला की ती पायानं नव्हे, भीतीनं खेळतात. वस्तीतले दोन शिकलेले तरुण, त्यातली एक मुलगी असलीच पाहिजे, भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्राथमिक प्रशिक्षक परवान्यासाठी पाठवा. मुलींचा संघ नंतर काढू म्हणू नका, नंतर कधीच निघत नाही. कोलाम, बंजारा, मुसलमान, कुणबी, जो येईल तो घ्या. आपल्या वस्तीचा क्लब फक्त आपल्या जातीचा झाला तर पेठेची तालीम आणि आपण यांत फरक काय उरला?

आणि नोंदणी करा. हे कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच आपण ते टाळतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळतं मान्यताप्राप्त स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर. चौकातल्या चषकाच्या फायबरच्या ढालीवर मिळत नाही. मान्यतेची वाट तालुका, जिल्हा, अमरावती विभाग, मग राज्य अशी जाते. ती न चढताच आपली पोरं पंचविशीला पोचतात आणि तिकडं बोगस प्रमाणपत्रांवर भलतेच नोकरीला लागल्याची प्रकरणं राज्यात उघडकीस येतात. जिल्हा नियोजन समितीत अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी असतो. समाजकल्याणच्या निवासी शाळा आणि वसतिगृहं आहेत. किती ठिकाणी मैदान आहे, किती ठिकाणी खेळाचा शिक्षक आहे, हा माहिती अधिकाराचा एक पानाचा अर्ज आहे. सोळा तालुक्यांतून सोळा अर्ज गेले तर साहेबांना कपाट उघडावं लागेल.

संघाला कोणत्याही जिवंत पुढाऱ्याचं नाव देऊ नका. गट पडला की संघ पडतो. रिपब्लिकन पक्षाचं आपण काय केलं ते डोळ्यांसमोर आहे.

मागच्या रविवारी आम्ही आठ जण घमेली घेऊन मैदानावर गेलो. गिट्टी अर्धी उचलून झाली, अर्धी बाकी आहे. तो नववीतला पोरगा आला होता, सोबत धाकटी बहीण. तिनं विचारलं, "दादा, मले बी खेळता येईन का?" ते जुने कार्यकर्तेही आले, घमेलं मात्र उचललं नाही, बाजूला उभं राहून सूचना देत होते. बॉल दोन घेतलेत, चार नंबरचे. डीजेचा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा काढणार आहे. भांडण होईल.